घरात रात्री नेमके काय चावते? फवारणीआधी किडा शोधण्याविषयी

प्रश्न परभणी जिल्ह्यातील एका ताईंचा आहे. त्यांच्या घराचा पुढचा भाग जुन्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, असून मागे दोन स्लॅबच्या खोल्या नव्याने बांधलेल्या आहेत. लातूरला शिकणारा मुलगा मे महिन्यात गादी आणि पेटीसह घरी परतला. जूनच्या अखेरीपासून स्लॅबच्या खोलीत झोपणाऱ्या मुलाच्या आणि दहा वर्षांच्या मुलीच्या मानेवर, दंडावर व पाठीवर सकाळी लाल गांधी दिसतात, त्याही बऱ्याचदा एका ओळीत. यजमान संध्याकाळी माळवदाच्या ओसरीत बसतात, तिथेच कुत्रा असतो. त्यांच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बारीक लाल ठिपके उठतात. सासूबाई माळवदात बाजेवर झोपतात, पण त्यांच्या अंगावर काहीच दिसत नाही. दुकानातील स्प्रेचे दोन डबे संपले. एक फवारणीवाला येऊन गेला, त्यानंतर आठ-दहा दिवस बरे गेले आणि पुन्हा तोच त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या आहेत. आता शेजारच्यांनी धान्यात ठेवायच्या गोळ्या गादीखाली ठेवण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का, असे ताई विचारतात.

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. त्या गोळ्या गादीखाली, बाजेखाली किंवा खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यात कृपा करून ठेवू नका. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात आणि हवेतील ओलाव्याशी संबंध आला की त्यांच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघू लागतो. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो, खोलीभर पसरतो, आणि त्याची बाधा झालेल्या माणसासाठी आजही उतारा उपलब्ध नाही. डॉक्टर फक्त श्वास आणि रक्तदाब सांभाळू शकतात. पावसाळ्यात हवा दमट असते, खिडक्या बंद असतात आणि लेकरे खाली अंथरुणावर झोपतात, म्हणजे धोक्याच्या सगळ्या गोष्टी एकाच खोलीत जमून येतात. ढेकूण मारण्यासाठी ठेवलेल्या अशा गोळ्यांनी झोपेतच माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. कोणी गोळ्या आधीच ठेवल्या असतील तर सर्वांना ताबडतोब बाहेर काढावे, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, गोळ्यांवर पाणी मुळीच टाकू नये, आणि मळमळ, छातीत दाटल्यासारखे किंवा चक्कर असे काहीही जाणवले तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. धान्याच्या कोठीत या गोळ्या टाकल्या असतील तर त्या खोलीतही कोणी झोपू नये.

आता मूळ विषयाकडे येतो. आरोग्य खात्यात कीटक समाहारक म्हणून माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी मराठवाड्यातील गावांत झाली. पहाटे गोठ्यात आणि घरात बॅटरी व काचनळी घेऊन कीटक गोळा करायचे, ते ओळखायचे आणि नोंद करायची, हे माझे काम होते. त्या कामातून एक गोष्ट पक्की कळली. फवारणी फसते तेव्हा औषध बनावट असण्यापेक्षा किडा चुकीचा ओळखलेला असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. डासावर चालणारा उपाय ढेकणावर चालत नाही, ढेकणाचा पिसवांवर चालत नाही, आणि खरुजेवर तर घरात कितीही फवारले तरी उपयोग नसतो. म्हणून निदान एक किडा प्रत्यक्ष पकडून पाहिल्याशिवाय कोणतेही औषध विकत घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्या पत्रातील माहिती नीट वाचली तर आपल्या घरात एक नव्हे, दोन वेगळे कीटक असावेत असे मला वाटते. मुलांच्या उघड्या अंगावर सकाळी दिसणाऱ्या, ओळीने उठलेल्या गांधी आणि मे महिन्यात वसतिगृहातून आलेली गादी या दोन गोष्टी ढेकणाकडे बोट दाखवतात. यजमानांचे ठिपके गुडघ्याच्या खालीच आहेत, ते संध्याकाळी बसल्या जागी उठतात आणि जवळ कुत्रा असतो. ही खूण पिसवांची आहे. सासूबाईंच्या अंगावर काही दिसत नाही याचा अर्थ त्यांना काही चावत नाही असा होत नाही. चाव्याची गांध ही कीटकाच्या लाळेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. ती माणसागणिक वेगळी असते आणि वयस्कर माणसांत पुष्कळदा उमटतच नाही. उलट एखाद्याला ढेकूण पहिल्यांदाच चावू लागले तर गांध उमटायला काही दिवसही लागू शकतात, त्यामुळे काल कुठे झोपलो होतो यावरून केलेला तर्क चुकतो. गांधीच्या आकारावरून कीटक खात्रीने ओळखता येत नाही, डॉक्टरांनाही येत नाही. तेव्हा त्यांनी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या यात त्यांची चूक काढू नये. खाज कमी करणे त्यांचे काम होते, ते त्यांनी केले. किडा शोधण्याचे काम घरातल्यांनाच करावे लागते.

ढेकूण शोधण्याची वेळ रात्री दोन ते पहाटे चार ही आहे. दिवा लावून गोंधळ न करता बॅटरी घेऊन हळूच गादीचे कोपरे उचलावेत आणि शिवणीच्या दुमडीत, पलंगाच्या सांध्यांत, लोखंडी कॉटच्या पोकळ पाइपांच्या तोंडाशी, नटबोल्टांजवळ पाहावे. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण पाच मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी आणि बिनपंखांचा असतो. रक्त पिऊन झाल्यावर तो फुगून लांबट व गडद होतो. त्याची पिल्ले मात्र तिळापेक्षा लहान आणि जवळजवळ पारदर्शक असतात, ती नजरेतून निसटतात. जिवंत ढेकूण सापडला नाही तरी त्याच्या खुणा सापडतात: बॉलपेनच्या शाईने टिपके द्यावेत तसे काळपट डाग, जे ओल्या फडक्याने पुसल्यास पसरतात, टाकलेल्या फिकट काती, आणि चादरीवरचे रक्ताचे बारीक ठिपके. भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, तसबिरींच्या चौकटीत, विजेच्या बोर्डाच्या फटीत आणि दाराच्या चौकटीतही पाहावे. मुलाची पेटी विसरू नये. तिच्या कडेची पट्टी आणि बिजागऱ्यांच्या मागची जागा ढेकणांना फार आवडते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण पत्रात आपण दोनदा लिहिले आहे की आमचे घर स्वच्छ असते. ते नक्कीच असणार. ढेकूण घाणीवर जगत नाही, तो फक्त रक्तावर जगतो आणि सामानासोबत प्रवास करतो. लातूरला हजारो मुले शिकायला जातात, दरवर्षी खोल्या बदलतात, जुन्या गाद्या एकमेकांना देतात आणि परीक्षा संपली की सगळे सामान बांधून एस.टी.ने गावी परततात. आपल्या बीडकडचे ऊसतोड कामगार कारखान्यांवरून अंथरुणे घेऊन परततात तेव्हाही हेच घडते. यात कोणाचाही दोष नाही आणि लाज वाटण्याचे काही कारण नाही. लाजेपोटी लोक शेजाऱ्यांना सांगत नाहीत, मग एका घरातले ढेकूण दुसऱ्या घरात जाऊन पुन्हा परत येतात, हे मी अनेक गावांत पाहिले आहे.

फवारणीनंतर आठ-दहा दिवस बरे गेले आणि पुन्हा त्रास सुरू झाला, हा आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी धागा आहे. ढेकणाची मादी फटींमध्ये एक मिलिमीटरची पांढुरकी अंडी चिकटवते. बहुतेक औषधे या अंड्यांच्या आत पोहोचत नाहीत आणि आपल्याकडच्या हवामानात ती आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात. म्हणजे त्या फवारणीत मोठे ढेकूण बरेचसे मेले असतील, पण अंडी शाबूत राहिली आणि नवी पिल्ले बाहेर आली. प्रत्येक पिल्लाला मोठे होण्यासाठी पाच वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी त्याआधी रक्त प्यावे लागते. या सगळ्याला पाच-सहा आठवडे लागतात. हा काळच आपल्या उपयोगाचा आहे. पहिल्या फवारणीनंतर दहा ते चौदा दिवसांनी दुसरी आणि तेवढ्याच अंतराने तिसरी केली, तर अंड्यातून निघालेली पिढी स्वतः अंडी घालण्याच्या आधीच संपते. एकाच फवारणीत ढेकूण कायमचे घालवतो असे कोणी सांगत असेल तर त्याच्याशी व्यवहार करू नये.

याशिवाय जुन्या औषधांना ढेकूण सरावले आहेत. डीडीटीला ते दशकांपूर्वीच दाद देईनासे झाले आणि आता दुकानातल्या स्प्रेंमध्ये असणाऱ्या पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांनाही पुष्कळ ठिकाणी दाद देत नाहीत. स्प्रेच्या वासाने ते मरण्याऐवजी पांगतात आणि एका खोलीतले दुसऱ्या खोलीत जातात. आपण दोन डबे मारले तेव्हा तसे झाले असण्याची शक्यता आहे. म्हणून ढेकणांसाठी मी औषधापेक्षा उष्णतेवर जास्त विश्वास ठेवतो. पन्नास अंशांच्या वर तापमान गेले आणि ते तासाभरापेक्षा जास्त टिकले की ढेकूणही मरतो आणि त्याचे अंडेही. उकळत्या पाण्यात तर ते क्षणात होते. आपल्या आज्या अंगणात बाज उभी करून तिच्या सांध्यांत आणि सुतळीच्या विणीत उकळते पाणी ओतत असत, त्या पद्धतीला शास्त्राचा पूर्ण आधार आहे. सासूबाईंच्या बाजेसाठी आजही हाच उपाय करावा. फक्त सगळ्या सांध्यांत पाणी जाईल असे दोनदा ओतावे, आणि लेकरांना दूर ठेवावे.

चादरी, अभ्रे, वाकळा आणि कपडे मोठ्या भांड्यात उकळून वाळवावेत. अंथरुण काढताना झटकू नये. खोलीतच प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड बांधून मग चुलीपर्यंत न्यावे, नाहीतर वाटेत ढेकूण सांडतात. गादी उकळता येत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा पेटीतले कपडे, पुस्तके असे लहान सामान काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर दिवसभर ठेवले तर आतले तापमान पुरेसे वाढू शकते. जाड गादी नुसती उन्हात टाकल्याने मात्र काम होत नाही, कारण वरचा कापूस तापला तरी आतला थंड राहतो आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. आता पावसाळ्यात तेही शक्य नाही. गादीच्या शिवणींवरून सुती फडके घालून गरम इस्त्री सावकाश फिरवावी आणि मग संपूर्ण गादी जाड, चेन असलेल्या खोळीत बंद करून ती खोळ वर्षभर उघडू नये. ढेकूण काही खाल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने जगू शकतो, म्हणून गादी दोन-तीन आठवडे बाजूला ठेवून पुन्हा वापरणे फसवे ठरते. मुलाने वसतिगृहातून आणलेली गादी जुनी आणि फाटकी असेल तर मी तिच्यावर कष्ट करण्याऐवजी ती गावाबाहेर नेऊन जाळण्याचा सल्ला देईन. पण ती दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नये.

त्यानंतर पलंगाला बेटासारखे वेगळे करावे. तो भिंतीपासून वीतभर दूर सरकवावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत काठांची स्टीलची वाटी ठेवून तिच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर चोळावी. ढेकूण गुळगुळीत आणि पावडर लावलेल्या पृष्ठभागावर चढू शकत नाही, त्यामुळे तो वाटीतच अडकतो आणि सकाळी आपल्याला मोजताही येतो. मुंग्यांसाठी ठेवतो तशा पाण्याच्या वाट्या येथे ठेवू नयेत, कारण साचलेल्या त्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. वाट्यांमध्ये काय सापडते ते तारखेसह वहीत लिहावे. सलग दोन महिने एकही ढेकूण सापडला नाही आणि नवी गांध उठली नाही, तरच ढेकूण गेले असे समजावे.

आता ओसरीकडे येतो. पिसू ओळखणे तुलनेने सोपे आहे. ती दोन-तीन मिलिमीटरची, काळपट तपकिरी आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. पंख नसतात, पण उडी लांब असते. यजमानांनी गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घालून ओसरीत दहा मिनिटे फिरावे. पिसवा असतील तर मोज्यांवर काळे ठिपके चढताना दिसतील. कुत्र्याच्या अंगावरून बारीक कंगवा फिरवून निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. ती विरघळून तांबडी झाली तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त आहे, यात शंका राहत नाही.

कुत्र्याच्या अंगावर ज्या पिसवा दिसतात त्या एकूण पसाऱ्याचा अगदी छोटा भाग असतात. अंडी अंगावरून गळून जमिनीवर पडतात, अळ्या धुळीत आणि मातीच्या भेगांत वाढतात, आणि कोषातली पिसू तर माणसाच्या चालण्याचा हादरा, ऊब आणि श्वासातील वायू जाणवेपर्यंत आठवडेच काय, महिनेही थांबून राहते. बंद घर उघडल्यावर एकदम शेकडो पिसवा अंगावर येतात त्याचे कारण हेच आहे. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून किंवा नुसती ओसरी फवारून भागत नाही; दोन्ही एकाच दिवशी करावे लागते. कुत्र्यासाठी औषध पशुवैद्यकाकडून त्याच्या वजनाप्रमाणे घ्यावे. जनावरांचे किंवा शेतातले औषध पातळ करून त्याच्या अंगावर ओतू नये, आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले कोणतेही औषध तिच्या जवळ येऊ देऊ नये, कारण मांजराला ते मारक ठरते. कुत्र्याचे पोते उकळावे किंवा जाळावे. ओसरीतली धूळ रोज झाडून ती बाहेर जाळावी, जमिनीच्या आणि भिंतीच्या बुंध्याच्या भेगा मातीने बुजवून सारवण करावे. कोषातून पुढचे दोन-तीन आठवडे पिसवा निघत राहतील. त्यामुळे निराश होऊन काम अर्धवट सोडू नये.

पण पिसवांचा विषय निघाला की मला कुत्र्यापेक्षा उंदरांची जास्त काळजी वाटते. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर मरून पडले, मग घराघरांत पिसवा वाढल्या, आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने लोकांनी घरे सोडली, आतल्या धान्यावर उंदीर पोसले गेले, असे कारण त्या वेळी सांगितले गेले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवांना नवे ऊबदार शरीर लागते, आणि ते माणसाचे असू शकते. त्या काळी आम्हाला शिकवलेला क्रम मी आजही सर्वांना सांगतो: आधी पिसवांवर उपाय करावा, उंदीर त्यानंतर मारावेत. माळवदाच्या सऱ्यांत आणि किलच्यांत, म्हणजे छताच्या लाकडी तुळयांत आणि फळ्यांत, उंदीर असतातच. आपण उत्साहाने उंदरांचे औषध आधी टाकले तर पिसवांचा त्रास अंगावर ओढवून घ्याल. आपल्या घरात प्लेग आहे असे मी मुळीच सुचवत नाही. पण गावात कारण न कळता बरेच उंदीर मेलेले दिसले तर त्यांना हात न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

माळवदाच्या घरात आणखी एका कीटकाचा विचार करावा लागतो, तो म्हणजे वाळूमाशी. ती डासापेक्षा बरीच लहान, मातकट आणि केसाळ असते, बसताना पंख उभे पसरलेले ठेवते, उडण्याऐवजी टुणटुण उड्या मारल्यासारखी पुढे जाते आणि तिचा आवाज येत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यालगतच्या ओलसर जागेत ती राहते, रात्री चावते आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत येते. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात सापडलेला चांदिपुरा विषाणू प्रामुख्याने हिच्याद्वारे पसरतो आणि तो मुख्यतः लहान मुलांच्या मेंदूवर आघात करतो. पावसाळ्यात लेकराला अचानक जोराचा ताप येऊन झटके आले किंवा ते गुंगीत जाऊ लागले, तर काही तासांचाही उशीर जिवावर बेतू शकतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. वाळूमाशीवरचा खरा उपाय भिंतींना गिलावा करून भेगा बंद करणे, शेणाचा ढीग घरापासून दूर नेणे आणि बारीक विणीची मच्छरदाणी वापरणे हा आहे.

गोचिडांबद्दल थोडक्यात लिहितो. तो कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, आणि कुत्र्यावरची जात भिंतीवर चढून फटींत हजारो अंडी घालते. अंगाला चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीजवळ पकडून सरळ ओढून काढावा. त्याला काडीने चटका देऊ नये किंवा त्याच्यावर रॉकेल टाकू नये, कारण त्याने तो पोटातले द्रव आपल्या जखमेत ओकतो.

डासांविषयी आपण लिहिले नाही, पण पाण्याच्या टंचाईत आपण सर्व जण रांजण, बॅरल आणि हौद भरून ठेवतो, आणि दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास नेमका त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना भांडे नुसते रिकामे न करता आतून घासून काढावे. जूनमध्ये बंद करून तसाच ठेवलेला कुलर हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेले अळ्यांचे घर आहे. जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडावेत.

काही वेळा त्रास चावणाऱ्या कीटकाचा नसतोच. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेला रात्री जास्त खाज येत असेल व घरातल्या दोघा-तिघांना एकदमच येत असेल, तर ती खरूज असू शकते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्या कुटुंबाने एकाच रात्री मलम लावावे लागते, एकट्याने लावून उपयोग नाही. किडके हरभरे निवडल्यावर किंवा भुंगेरे लागलेला कडबा हाताळल्यावर पोटावर आणि हातांवर पुरळ उठत असेल, तर ते धान्यातल्या किड्यांवर जगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट्समुळे होते. आंघोळ करून कपडे धुवावेत आणि तो माल बाहेर काढावा. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मोठ्या मुंगीएवढा पीडेरस भुंगेरा चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा लांबट चट्टा उठतो. तो फुंकरीने उडवावा आणि जागा साबणाने धुवावी. शेतातून आल्यावर काही दिवसांनी ताप आला आणि अंगावर कुठेतरी न दुखणारी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी. स्क्रब टायफस या आजाराची ती खूण असते आणि वेळेत ओळखला तर त्यावर चांगले उपचार आहेत.

औषध घ्यावेच लागले तर डब्यावरील, औषध किती विषारी आहे ते सांगणाऱ्या त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल आणि पिवळा त्रिकोण असलेली शेतातली औषधे घरात कधीही फवारू नयेत. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट ही तर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालेली औषधे आहेत, तरी जुन्या बाटल्या घराघरांत पडलेल्या असतात. फवारणीवाल्याला बोलावताना त्याचा परवाना, औषधाचे नाव आणि मूळ डबा पाहावा, तीन फेऱ्यांचे बोलणे आधीच करून घ्यावे आणि तो फक्त जमिनीवर फवारत असेल तर त्याला थांबवून पलंगाचे सांधे, चौकटी व फटी दाखवाव्यात. खोलीभर धूर केल्याने फटीतल्या ढेकणापर्यंत औषध पोहोचत नाही. संध्याकाळचा कडुनिंबाच्या पाल्याचा धूर डास थोडा वेळ दूर ठेवतो, एवढेच त्याचे काम. दमा असलेल्या माणसाला आणि लहान लेकरांना त्याचा त्रासच होतो.

आपल्या घरासाठी क्रम असा ठेवावा. आज रात्री बॅटरीने शोध घ्यावा आणि उद्या संध्याकाळी मोज्यांची परीक्षा करावी. जे सापडेल ते पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून किंवा थोडे स्पिरिट घातलेल्या छोट्या बाटलीत ठेवून त्यावर तारीख आणि जागा लिहावी. मुलांची खोली आणि ओसरी यांचे काम एकाच आठवड्यात करावे, पण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत हे लक्षात ठेवावे. मुलाला सध्या त्याच खोलीत झोपू द्यावे. तो दुसऱ्या खोलीत गेला तर ढेकूण त्याच्या मागे तिथे जातील. बाटलीतला किडा ओळखता आला नाही तर तो प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेवकांना दाखवावा, किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात नेऊन विचारावे. सणासाठी मुले पुन्हा घरी येतील तेव्हा त्यांच्या पिशव्या थेट खोलीत न नेता अंगणात उघडाव्यात आणि कपडे आधी उकळत्या पाण्यात टाकावेत.